तळ दिसणारं पाणी

मला पाण्याची भीती वाटते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावरून कुणी चेष्टा केली की माझं डोकं फिरतं. भंडाऱ्याहून एसटी कारध्याकडे निघाली आणि वैनगंगेचा पूल आला, की मी पदर तोंडावर ओढते आणि पूल संपेपर्यंत काढत नाही. बाजूच्या बाया खिडकीतून नदीत नाणं टाकतात, हात जोडतात. मी आपली विचारत असते, "झाला का वो पूल?" माझं माहेर साकोलीकडचं, म्हणजे पूल ओलांडल्याशिवाय माहेरी जायची सोय नाही. लग्न झाल्यापासून मी डोळे मिटूनच माहेरी जात आले आहे.

याचं कारण आमच्या गावचा तलाव. आठ-नऊ वर्षांची असेन. शिंगाडे काढणाऱ्या एका काकांच्या डोंग्यात बसायचा मी हट्ट धरला. डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली अरुंद होडी, तिच्यात बसलेल्यानं हलायचं नसतं. मी हलले. काकांनी वेणीला धरून वर काढलं म्हणून आज हे लिहिते आहे. बुडाल्याचं फारसं आठवत नाही, पण डोळे उघडे होते आणि काहीच दिसत नव्हतं, ते मात्र अजून अंगावर येतं. त्या दिवशी बाबांनी मारलं नाही. मला तलावाच्या पाळीवर बसवलं आणि म्हणाले, "तळ दिसला तं पाय टाकायचा. नाई दिसला तं कोणी कितीबी बोलावलं तरी टाकायचा नाई." पुढं धानाच्या बांधीत, नाल्यात, बोडीत म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात मी हाच हिशेब लावला, आणि तो कधी चुकला नाही.

आमचे हे मात्र पाण्याचे वेडे. पोहता येत नाही ते नाहीच, पण वेड समुद्राचं. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. प्रवाळ हा धडा आला की घरी येऊन जेवतानासुद्धा तेच. तो दगड नाही, झाड नाही, तो प्राणी आहे, लाखो बारीक प्राणी एकमेकांना धरून बसलेले असतात. मी म्हणायची, भाजी घ्या आधी. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही पाहिलं आहे का? हे "नाही" म्हणाले. ते "नाही" त्यांना फार लागलं असावं, कारण निवृत्तीच्या दिवशी लोक घर बांधायचं बोलतात, तीर्थाला जायचं बोलतात, आणि यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी आता प्रवाळ पाहायले जाणार."

जाणार जाणार करत चार वर्षं गेली. मग यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. ताटात डावीकडं वाढलेली चटणी दिसेना. मी आधी रागावले, लक्ष कुठं असतं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. कडेकडेनं नजर जाते, गेलेली परत येत नाही, थेंब टाकून उरलेली सांभाळायची. किती दिवस सांभाळता येईल, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. परतीच्या बसमध्ये यांनी थेंबांच्या बाटलीवरचं सगळं वाचून काढलं. मग म्हणाले, "आता थांबण्यात अर्थ नाई."

पुण्याच्या आमच्या पोरीनं दोन सहली शोधून मोबाईलवर पाठवल्या. पहिली लक्षद्वीपची, जहाजाची. कोचीनहून निघायचं, राहायचं, जेवायचं, झोपायचं सगळं जहाजातच, आणि रोज सकाळी वेगळ्या बेटावर उतरून प्रवाळ पाहायचे. दुसरी अंदमानची. नागपूरहून विमान, मग एका बेटावर पक्की खोली, आणि तिथून एका सकाळी होडीनं जवळच्या खाडीत जाऊन प्रवाळ पाहायचे.

यांना जहाज हवं होतं. कागद घेऊन बसले आणि मला विद्यार्थिनीसारखं समजावलं. समुद्राचा भरवसा नसतो. एखाद्या दिवशी ढग असतात, एखाद्या दिवशी पाणी ढवळलेलं असतं. जहाजानं गेलो तर तीन बेटं, तीन संधी. एक हुकली तर दुसरी. अंदमानला मोजून एकच सकाळ.

"आणि रात्री?" मी विचारलं. "रात्री पाण्यावर झोपायचं?"

"जहाजात झोपायचं. पलंग असते."

"पलंगाखाली काय असते?"

"ते नको विचारू तू," हे म्हणाले आणि हसले.

मला हसू आलं नाही. त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. डोळा लागला की पलंग हलायचा. दिवसा धुणं वाळत घालताना, आंब्याच्या फोडी करताना मधेच छातीत धस्स व्हायचं, आणि हात थांबायचा. पण मला भीती वाटते असं मी एकदाही म्हटलं नाही. मी काय म्हटलं ते लिहायची आज लाज वाटते. मी म्हटलं, "तुम्हाले कडेचं दिसत नाई. जहाजाचे जिने अरुंद, रात्री उठले आणि कठड्यापाशी पाय चुकला तं? मी कोणाले हाक मारू?" हे खोटं नव्हतं. पण मी ते माझ्यासाठी बोलत होते. माझी भीती मी त्यांच्या डोळ्यांच्या नावावर खपवली.

हे खूप वेळ कागद चाळत बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "ठीक आहे. जमिनीवरून जाऊ."

हिवाळ्यात निघालो. विमानाची मला भीती वाटली नाही, खाली ढग होते, पाणी दिसत नव्हतं. बेटावरची खोली बरी होती, अंगणात नारळाची झाडं, पाय ठेवायला कोरडी जमीन. पहिल्या संध्याकाळी हे किनाऱ्यावर उभं राहून दुसऱ्या दिवशीचं आभाळ कसं असेल ते तिथल्या लोकांना विचारत होते. मी दूर वाळूत, लाटेपासून चांगली वीस पावलं मागं बसले होते. यांनी हात केला, मी मान हलवली, नाही म्हणून.

सकाळी ऊन स्वच्छ पडलं. होडीत आम्ही दोघं, एक बंगाली नवराबायको, होडीवाला आणि पाण्यात उतरवणारा एक जण. सगळ्यांच्या अंगात ते फुगीर केशरी जाकीट. मी डोळे मिटून यांचा दंड धरून बसले. खाडीत आल्यावर होडी थांबली, नांगर टाकला, तेव्हा मी डोळे उघडले. बंगाली जोडपं आधी पाण्यात उतरलं, त्या माणसानं एकेकाचा हात धरून त्यांना पालथं तरंगवलं, आणि ती बाई वर आली तेव्हा हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मग यांची पाळी. तो माणूस होडीत येऊन यांच्या डोळ्यांना काच बांधायला लागला. पट्टा ढिला होता, काढून परत बांधला. तेवढ्यातही हे त्याला कोणकोणते प्रवाळ दिसतील ते विचारत होते. इतका आनंदलेला माणूस मी लग्नातही पाहिला नव्हता.

थांबलेली होडी चालत्या होडीपेक्षा वाईट. ती डाव्या अंगाला झुकायची, उजव्या अंगाला झुकायची, आणि माझ्या पोटात सकाळचा चहा वर यायला लागला. जाकिटानं गळा आवळल्यासारखा झाला. मी ते काढून मांडीवर घेतलं. ओकारी येईल म्हणून डोळे मिटून कडेला सरकले, वाकले, आणि डोळे उघडले.

खाली तळ दिसत होता. पांढरी वाळू, तिच्यावर उन्हाच्या रेघा हलत होत्या, एक काळा दगड, त्याच्या बाजूला एक शिंपला. शिंपल्यावरच्या धारीसुद्धा दिसत होत्या. आमच्या तलावात इतका तळ दिसला तर पाणी घोट्याच्या वर नसतं. गेल्या कित्येक वर्षांत पाण्याकडं पाहून मला पहिल्यांदा हायसं वाटलं. वाटलं, जरा त्या वाळूवर उभी राहते, यांचं होईपर्यंत. लुगड्याचा काठ वर खोचला, पाय बाहेर टाकले आणि बांधीत उतरावं तशी उतरले.

पायाला काही लागलं नाही. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि मग डोक्यावर बंद झालं. ओरडायला तोंड उघडलं तर ते खारट पाण्यानं भरलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. लुगडं वर येऊन तोंडाला गुंडाळलं. एवढंच कळलं की मी मरते आहे आणि वर कुणाला माहीत नाही, कारण मी आवाज न करता उतरले होते.

होडीवाल्यानं मला ओढलं. होडीत पडल्यावर पहिलं ऐकू आलं ते यांचं "अवो, अवो, अवो", एका दमात, आवाज फाटलेला. काच कपाळावर होती. त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला होता आणि तो हलवत होते. होडीवाला शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं. पाणी किती खोल आहे असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, हाथी खड़ा करो तो हाथी डूबेगा." होडी तशीच किनाऱ्याला वळवली.

इथवर चूक झाली म्हणता येईल. अजाणता झाली. पुढचं मी जाणून केलं.

अजून दोन दिवस आमच्या हातात होते. होडीवाला भला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीशी येऊन म्हणाला, सर को ले जाता हूँ, एक्स्ट्रा नहीं लूँगा. यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पलंगावर होते. मी त्यांचं मनगट धरलं. "नका जाऊ," मी म्हटलं. "तुम्ही गेले तं मी इथं बसून मरून जाईन." आणि मला खरंच तसं वाटत होतं. डोळे मिटले की पायाखाली काही नसायचं. भिंत धरून संडासला जात होते. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. यांनी या वेळी माझ्याकडं पाहिलंही नाही. बाहेर जाऊन त्याला सांगितलं, "रहने दो भैया." ते बाहेरच थोडा वेळ उभे राहिले. मग आत येऊन माझ्यासाठी नारळपाणी ओतलं.

भंडाऱ्याला परत आलो तर गल्लीत सगळे वाट पाहत होते. "काय सर, पाहिले का प्रवाळ?" असं जो तो विचारायचा.

"पाहिले ना," हे म्हणायचे. "लय सुंदर."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, हातातलं पातेलं खाली ठेवलं. एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला, त्यानं खोदून खोदून विचारलं. यांनी त्याला सगळं सांगितलं. रंग सांगितले, शिंगासारखे फाटे सांगितले, त्यांच्यातून मासे कसे निघतात ते सांगितलं. पुस्तकातलं एकेक वाक्य. तो गेल्यावर मी दारात उभी राहिले. म्हटलं, "काहून खोटं बोलता?"

"मंग काय सांगू?" हे म्हणाले. "तुह्यं नाव सांगू?"

आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी आत गेले आणि भात लावला.

मागच्या महिन्यात यांची नजर तपासायला नागपूरला गेलो. या तपासणीत माणसाला अंधाऱ्या खोलीत एका वाटोळ्या मशीनपुढं बसवतात, हनुवटी टेकवायची, समोर एकटक पाहायचं. आत इकडं तिकडं बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं होतं.

सुरुवातीला बटण भराभर वाजलं. मला बरं वाटलं. मग वाजेना. मला वाटलं तपासणी संपली. तिथल्या मुलीकडं पाहिलं, तिनं मान हलवली, चालू आहे. म्हणजे दिवे लागत होते. मशीनमधून हलका घरघर आवाज येत होता, हे ताठ बसून होते, अंगठा बटणावर तयार होता, आणि काहीच वाजत नव्हतं. मधे एकदा वाजलं. मग पुन्हा कितीतरी वेळ नाही. मी श्वास धरून बसले. पाण्यात डोक्यावर पाणी बंद झालं तेव्हासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते, कारण तेव्हा मी एकटीच बुडत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, दाबा ना वो, दाबा. यांना बिचाऱ्यांना वाटत असेल, सगळं छान चाललं आहे, दिसेल तेवढ्याला ते दाबतच होते.

मी उठून बाहेर आले. जिन्यापाशी उभं राहून पोरीला फोन लावला.

"ते जहाजाचं होतं ना," मी म्हटलं, "लक्षद्वीपचं. ते बुक कर. लौकरात लौकर जे निघेल ते. दोघांचं."

तिनं तारखा काढून पाहिल्या. मग म्हणाली, "आई, पाच दिवस आहेत. चारी बाजूनं पाणी. तुला जमेल का?"

"नाई जमत," मी म्हटलं. "तू बुक कर."