तीन घरांतल्या शेळ्या आणि एक गाठोडं

नोकरीतले मोठे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला दरोडा कुठल्या ठाण्यातला, हे सांगताना माझी गफलत होते. पण ज्या सकाळी माझ्या टेबलावर खताच्या पिशवीत गुंडाळलेलं मेलेलं करडू आलं, ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. माझा चहा नुकताच आला होता. आमच्या हवालदारांनी आधी कप उचलला आणि मग पिशवीकडे पाहिलं. अनुभवी माणूस.

तेव्हा मी कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या पुढच्या पट्ट्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. पिशवी आणणारा तक्रारदार पंचेचाळिशीचा, टोपी सरळ घातलेला शेतकरी होता. घरची जमीन, आठ-दहा शेळ्या, बोलण्यात वजन.

"सायेब, ही पाचवी. माज्या घरातल्या पाच शेळ्या गाभडल्या. शेजारच्या दोन घरांत तीन. दिवस भरायच्या आधीच पिलं पडत्यात, मेलेली."

"मग जनावरांच्या डॉक्टरांकडे जायचं. इथं कशाला?"

"हे रोगाचं काम न्हाई. हे मानसाचं काम हाय."

माणूस कोण, तेही त्याने सांगून टाकलं. वस्तीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. तिला आपण आजी म्हणू. वस्तीत शेळी गाभण राहिली की आजीला बोलवायचे. ती पोट चाचपून सांगायची, एक करडू आहे की दोन. शेळी अडली तर पिल्लू ओढून काढणारीही तीच. म्हणजे गाभडलेल्या प्रत्येक शेळीच्या पोटाला तिचा हात लागला होता. आणि तिच्या स्वतःच्या तीन गाभण शेळ्या मात्र ठणठणीत होत्या.

"तिचा हात वाईट हाय," तक्रारदार आवाज खाली आणून म्हणाला. "घरात सून हाय माजी. सहावा म्हैना. उद्या तिच्यावर नजर गेली म्हंजी? आमी वस्तीनं ठरिवलंय. येत्या रविवारी तिचं सामान भायेर."

जादूटोण्याविरुद्धचा कायदा मी त्याला तिथेच ऐकवला. कुणाला असं ठरवून घराबाहेर काढणं हा गुन्हा आहे आणि त्यात तूच आत जाशील, हेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं, मंग इष घातलं आसं लिवा." कायदा कळल्यावर तक्रार बदलायला माणसाला किती वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून सांगू शकतो. चहा निवायच्या आत.

तो दिवस गुरुवार. स्टेशन डायरीला नोंद झाली. दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला. आजीच्या आढ्याला एक पिशवी टांगलेली आहे, तिच्यात काय आहे ते बघा, एवढंच सांगून फोन बंद.

आम्ही गेलो. दोन पंच घेतले. पिशवी खरोखरच होती, काळी, गच्च बांधलेली. वस्ती श्वास रोखून दारात उभी. हवालदारांनी गाठ सोडली आणि जमिनीवर बाभळीच्या वाळलेल्या शेंगांचा ढीग पडला. पंचनाम्यात मी तसंच लिहिलं: बाभळीच्या शेंगा, वाळलेल्या, अंदाजे दोन किलो. एका पंचाने सही करताना विचारलं, "जप्त करायच्या का?" तो गंभीरपणे विचारत होता.

तिथे मी एक चूक केली. वस्तीसमोर जबाब नको म्हणून आजीला गाडीत बसवून ठाण्यात आणलं. माझ्या मनात सोय होती. बघणाऱ्यांनी मात्र एवढंच पाहिलं की पोलिसांनी म्हातारीला नेलं. त्यांच्या लेखी निकाल तिथेच लागला.

आजी खुर्चीत मांडी घालून बसली. मी ठरलेले प्रश्न सुरू केले. शेळ्यांना काय चारलंत? कोणाशी भांडण आहे का?

"भांडान सगळ्यांशी हाय," ती म्हणाली. "एकटी राहते, भांडले न्हाई तर बोलू कुनाशी?"

हवालदार भिंतीकडे तोंड करून हसले.

"तुम्ही हात लावलेल्या शेळ्या गाभडल्या, हे खरं ना?"

"व्हय. आन माज्या शेळ्यांना मी रोज हात लावते, दोन टायमाला. त्या का न्हाई गाभडल्या? हात घरी गेला की निवतो का?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत आरोपीने इतक्या सरळ वाटेने मला अडवलं नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर माझ्याही डोक्यात ठाण्यातलं जुनं गणित होतं: सगळ्यांचं नुकसान झालं आणि एकाचं झालं नाही, तर आधी त्या एकाला बोलवा. चोरीत हे कधी कधी चालतं. इथे मी ते न तपासता लावलं होतं.

"मग तुमच्या शेळ्यांत आणि त्यांच्यात फरक काय, आजी?"

"माज्या शेळ्या बांधावर हिंडत्यात आन घरी आल्या की शेंगा खात्यात. त्याच त्या, तू पंच लावून मोजल्यास त्या. त्यांच्या शेळ्या शिरीमंत. जाग्यावर बसून तुरीचं भुसकट खात्यात. खोली भरून भुसकट हाय त्यांच्याकडं." मग थोडं थांबून म्हणाली, "साहेब, मला सोडायचं तर सोनईला सोड. लेक हाय तितं. वस्तीवर नगं. गाठुडं मी बांधून ठिवलंय."

तो आवाज वेगळा होता. एवढा वेळ चिमटे काढणारी बाई एकदम म्हातारी दिसली.

मी तिला सोनईला सोडलं नाही, तिच्या घरीच परत नेलं. रविवारपर्यंत थांबा म्हणालो आणि तिच्या दारात एक महिला शिपाई बसवली. शुक्रवारी सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना गाठलं. करडू बर्फात ठेवून त्यांच्याकडे पाठवलं होतंच. त्यांनी नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवले आणि शनिवारी माझ्याबरोबर वस्तीवर आले. बारीक अंगाचे, तुटक बोलणारे गृहस्थ. तक्रारदाराच्या अंगणात उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला:

"घरात मांजर आहे का?"

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण तक्रारदाराच्या आईचा चेहरा उजळला.

"हाय की. दिवाळीला व्याली. चार पिलं. या दावते."

ती आम्हाला भुसकटाच्या खोलीत घेऊन गेली. खोलीला दार नव्हतं. तुरीच्या मऊ ढिगाऱ्यावर एक गोणपाट अंथरलेलं, शेजारी दुधाची वाटी. मांजरी डोळे मिटून पडलेली आणि वाढीला लागलेली पिल्लं भुसकटात उड्या मारत होती. एका पिल्लाने आमच्या देखत पंजाने खड्डा केला, आपलं काम उरकलं आणि वरून भुसकट ओढून घेतलं. गुन्हा उघड्यावर, दोन पंचांसमोर, आणि आरोपीला आमची फिकीर नाही.

"हे असंच शेळ्यांपुढे जातं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाट्या भरून," तक्रारदाराची आई म्हणाली. "व्यालेल्या मांजरीला कुनी हाकलतं का? तिनं पिलं शेजारी नेली, तितं बी वैनींनी दूध ठिवलं. मंग तिसऱ्या घरी नेली. आता तिन्ही घरं तिचीच."

मी वहीत तीन घरं लिहिली. गाभडलेल्या शेळ्यांची तीन घरं आदल्या पानावर होती. पान उलटायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी अंगणातच समजावून सांगितलं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी असतो. मांजर उंदीर खाते, त्यातून तो तिच्यात येतो. ती आजारी दिसतही नाही, पण काही दिवस तिच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो. तेच चाऱ्यात मिसळलं आणि गाभण शेळीने खाल्लं की तो पोटातल्या पिल्लापर्यंत पोचतो. "अहवाल यायचा आहे," ते म्हणाले, "त्यामुळे आज मी संशय म्हणतो. दुसरी कारणंही असतात. पण हा संशय जोरदार आहे." मग त्यांनी सहज विचारलं, "भुसकट काढतं कोण? पडलेली पिल्लं, वार, हे कोण उचलतं?"

तक्रारदाराने दाराकडे पाहिलं. दारात सून उभी होती, सहाव्या महिन्यातली.

"तीच," तो म्हणाला. "हातानंच."

"हा परजीवी माणसालाही होतो. पोटातल्या बाळाला धोका असतो. आजच मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त तपासा. आणि यापुढे ती या खोलीत पाऊल टाकणार नाही."

आजीच्या नजरेपासून सुनेला जपायला त्यांनी सगळी वस्ती उभी केली होती, आणि भुसकटाची पाटी रोज तिच्याच हातात दिली होती.

रविवारी ठरल्याप्रमाणे माणसं जमली, पण तक्रारदार पुढे आला नाही. तो आदल्या दिवशीच सुनेला घेऊन नगरला, सावेडीतल्या एका दवाखान्यात गेला होता. डॉक्टरांना बरोबर घेऊन मी अहवाल न येताच बोललो. जे ठाऊक होतं ते आणि जे ठाऊक नव्हतं तेही सांगितलं. भुसकटाच्या खोल्यांना दारं बसवा, खराब झालेला चारा जाळा, पडलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा. तक्रारदाराच्या आईने सगळं ऐकून एकच शंका काढली.

"मांजरीचं काय करायचं? व्यालेलीला भायेर काढायचं पाप नगं बाबा."

"काढू नका," डॉक्टर म्हणाले. "खोली बंद ठेवा, बस."

सगळ्यांना हायसं वाटलं. चेहऱ्यांवर ते स्पष्ट दिसलं. मी मात्र वस्तीच्या टोकाकडे पाहत होतो. तिथे उंबऱ्यावर आजी बसली होती, आणि तिच्याशेजारी बांधलेलं गाठोडं.

काही दिवसांनी पुण्याहून अहवाल आला. संशय खरा ठरला. सुनेच्या तपासणीत काही निघालं नाही. मधल्या दिवसांत मी तक्रारदाराला ठाण्यात बोलावून नोंदीवर त्याचा पुरवणी जबाब घेतला. सही करताना त्याने विचारलं, "आजीला काय म्हनू?" मी म्हणालो, ते मला लिहून देता येत नाही. तो गेला तिच्याकडे. काय बोलला ते कळलं नाही, पण चैत्रात वस्तीत एक शेळी अडली तेव्हा बोलावणं आजीलाच आलं. डॉक्टरांनी तिला हातमोजे दिले होते. ती हवालदारांना म्हणाली, "ह्यातनं पिलू हाताला लागल्यासारखं वाटत न्हाई." पण घातले.

या प्रकरणात कोणाला अटक झाली नाही. माझ्या बढतीच्या कागदात त्याचा उल्लेख नाही. शिकलो ते एवढंच, की ज्याचं नुकसान झालं नाही त्याच्याकडे बोट करण्याआधी तो काय वेगळं करतो ते विचारावं. आणि पोलिसाची गाडी कोणाच्या दारात थांबते, हाही एक जबाबच असतो.

त्या रविवारी माणसं पांगल्यावर मी आजीकडे गेलो. म्हणालो, "आता गाठोडं सोडा."

"बांधताना मला कुनी हात लावला न्हाई," ती म्हणाली. "सोडायला तरी लावा."

मग मी आणि हवालदार आत गेलो. पातेली फळीवर, गोधडी कोपऱ्यात, शेंगांची पिशवी आढ्याला. ती उंबऱ्यावर बसून सांगत होती, कुठलं कुठे. नोकरीत मी पुष्कळ घरांतून सामान बाहेर काढलं. आत नेऊन लावलं, ते तेवढं एकदाच.