गोलातला खर्रा

ब्रह्मपुरीला बी.एस्सी. करताना मी दुपारनंतर एका स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात काम करतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, म्हणून मालकभाऊ मला 'प्रोफेसर' म्हणतात आणि स्क्रीन धुवायला लावतात.

नवी जाळी विकत घेण्यावर भाऊंचा विश्वास नाही. फ्रेमवर ताणलेली एकच जाळी आज लग्नाच्या पिशव्या छापते, उद्या धुऊन तेरवीच्या पत्रिका. जाळीवर औषधाचा थर असतो. जिथे थर, तिथून शाई जात नाही. काम संपलं की ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून थर सैल करायचा आणि पाच मिनिटांत धुऊन टाकायचा. ते पाणी जाळीवरच वाळलं, तर थर कायमचा चिकटतो. हे मला माहीत होतं. आधीच सांगतो, कारण पुढचं अज्ञानातून घडलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या मॅडमनी व्यसनमुक्ती रॅलीच्या साठ कापडी पिशव्या छापून आणायचं काम मला दिलं. भरीव हिरवा गोल, खाली 'व्यसनमुक्त गाव'. एखाद्या शिक्षकाला माझं नाव माहीत आहे, हे त्या दिवशी कळलं. त्यांचा विश्वास खोटा पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

कामात नसलेली फ्रेम एकच होती. तिच्यावर एका पानठेल्याची जाहिरात: मोठा गोल, त्यात कोऱ्या अक्षरांत 'खर्रा'; गोल उघडा, अक्षरांवर थर. मी पाणी लावलं, तेवढ्यात भाऊंनी खर्रा आणायला सांगितलं. जाळी धुऊन जातो, असं मी चाचरत म्हणालो.

"पहिले खर्रा आण, प्रोफेसर. जाळी कुठी पळून राह्यली?"

खर्ऱ्यावर बंदी असल्यामुळे ठेल्यासमोर रांग शिस्तीत होती. माझ्या पुढे आमच्या रॅलीच्या परवानगीवर सही करणारे साहेब. ठेलेवाला खर्ऱ्याची सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटत होता. इतक्या निष्ठेने आमच्या प्रयोगशाळेत कोणी काही घोटलेलं मी पाहिलेलं नाही.

परतलो तेव्हा जाळी उन्हात पापडासारखी वाळलेली. खूप घासली, बाकीचा थर निघाला, तरी 'खर्रा'ची अक्षरं पुसट दिसतच होती. नुसता डाग आहे, असं भाऊ म्हणाले. मी त्याच जाळीवर नवा थर चढवून रॅलीचा गोल उतरवला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात असताना भाऊंनी साठही पिशव्या छापून टाकल्या. प्रत्येक हिरव्या गोलात पुसट पांढरा 'खर्रा', खाली 'व्यसनमुक्त गाव'.

"गोलाच्या आत कोण पाह्यते बाबू?" भाऊ भरल्या तोंडाने म्हणाले.

मॅडमकडे जाताना सगळा दोष भाऊंवर टाकायचं ठरवलं होतं. समोर गेल्यावर वेगळंच निघालं.

"मॅडम, जाळी मी धुतली. पाणी वाळलं. मी खर्रा आणायला गेलो होतो."

त्यांनी आणखी दोन पिशव्या उघडून पाहिल्या. मग हिरव्या रंगाची बाटली आणि ब्रश मागवून दिला. मी व्हरांड्यात बसून साठही गोलांतली पांढरी अक्षरं भरली. रंग एक छटा गडद निघाला. खर्रा पुसट होता, तो आता ठसठशीत झाला.

रॅली तशीच निघाली. एका गावात एका बाईने पिशवी निरखून, हा खर्रा कुठी भेटते, म्हणून मलाच विचारलं.

यंदाही मॅडमनी काम मलाच दिलं. म्हणाल्या, जाळी ओली असताना कोणी बाहेर पाठवलं, तर नाही म्हणशील ना? मी हो म्हणालो. भाऊंना 'नाही' म्हणणं अजून जमलेलं नाही. फक्त आधी जाळी धुतो, मग खर्रा आणतो. तेवढ्यावरून भाऊ गिऱ्हाइकांना सांगतात, प्रोफेसर घमंडी झाला.