दीड इंचाआडचा दिवा

तारेचा इतका राग असलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि तोच कळंबात रेडिओ दुरुस्त करून पोट भरत होता. आमचे शेजारी रेडिओवाले चाचा बिघडलेल्या रेडिओतली तार मेलेल्या सापासारखी चिमट्यात धरून बाहेर टाकत. "आवाज दिल्लीहून बिनतारी येतो, भाऊ, मग शेवटच्या हातभराला तार कशाला?" दोरी ही तारेचीच बहीण, म्हणून अंगणात दोरीही नव्हती, धुणे बाभळीच्या कुंपणावर वाळे. चाचांच्या एका सदऱ्याला मी तेवीस भोके मोजली आहेत.

चाचींचे हृदय मात्र फार सावकाश चाले. दर शुक्रवारी चाचा त्यांचे मनगट धरून ठोके म्हणत आणि मी घड्याळ बघे. मिनिटाला छत्तीस. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, परदेशात छातीत ठोके देणारे यंत्र शिवतात. इकडे कधी येईल सांगता येत नाही, आणि सेल संपला की छाती पुन्हा उघडावी लागते. चाचांनी फक्त शेवटचे ऐकले. "दर वेळी चिरायचं? बाई हाय का बॅटरी?" कातडीला धक्का न लावता ते त्या यंत्राला बाहेरून वीज पाजणार होते.

मग तारेच्या या वैऱ्याने सहा महिने तारच गुंडाळली. दोन वेटोळी, एकात बॅटरीवरची थरथरती वीज, दुसऱ्याला इवलासा दिवा, आणि मधे छातीच्या जागी मटणाचा तुकडा. खाटीक विचारी, "चाचा, शिजवायचंय का दुरुस्त करायचंय?" अंतर मोजायला पट्टी माझी. मी शाकाहारी असल्याने ती लांबून धरी; अर्ध्या सुताची चूक संभवते. पाऊण इंचाला दिवा लागे, इंचाला विझे. चाचींचे मत वेगळेच होते. "दिव्याचं मला कळत न्हाय, पण वीज पाजलेलं मटण लवकर शिजतं."

अखेर दीड इंचाआड दिवा लागला. "झालं! आता निस्तं यंत्र यायचं राहिलं," चाचा ओरडले.

"ते येईपर्यंत एक दोरी बांधा," चाची म्हणाल्या. "काट्यांनी हात लई खरचटतात."

त्या आनंदात चाचांनी खरंच दोरी बांधली.

यंत्र आले नाही. उन्हाळ्यात चाची गेल्या.

पुढच्या शुक्रवारी सवयीने मी घड्याळ घेऊन गेलो. दोरी रिकामीच होती. चाचांनी आपले मनगट पुढे केले. "आता धरायलाबी तुमीच."

मी मोजले. "बहात्तर."

ते दोरीकडे बघत राहिले. "दुप्पट हायेत की, भाऊ," ते म्हणाले. "निम्मे तिला पुरले असते."