फूल दिसलं की खुडायचं

टोमॅटोपायी कुणी सख्ख्या भावावर ओरडतं का, असं मला गावात तिघी-चौघींनी विचारलं. ओरडतं. मी ओरडले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओरडेन.

निपाणीजवळ आमचं रान आहे. आम्ही दोघंच भावंडं. वडील गेल्यावर सगळं अण्णाच बघतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी लग्नानंतर पिरनवाडीला राहते, जवळच्या शहरात कॅम्प भागातल्या एका शाळेत शिकवते. जमिनीच्या उताऱ्यावर माझं नाव आहे, पण नावापुरतंच. गेल्या वर्षी मी विहिरीजवळचे चार गुंठे टोमॅटोसाठी मागितले. आपल्याच रानातले चार गुंठे, तेही शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या नरमाईने. अण्णा हसला. "एक सीजन बघ. जमलं तर ठेव, न्हाईतर मी तंबाखू लावतो," म्हणाला.

मग दर शनिवारी शाळा सुटली की मी बस पकडायची. बांबू रोवले, तारा ओढल्या, एकेक रोप सुतळीच्या सैल फासात बांधून वर चढवलं. एका रोपाला एकच खोड ठेवायचं. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जी फूट येते, ती बगलफूट, बोटभर झाली की मोडून टाकायची. एवढं केलं की झाड सरळ वर जातं. रोपं कमरेला लागली, पहिल्या घोसांना पिवळी फुलं आली, आणि नेमकं शाळेचं ट्रेनिंग निघालं. शनिवार, रविवार दोन्ही गेले. मी अण्णाला फोन केला.

"अण्णा, बगलफूट लई आली असंल. तेवढी खुडणी करून घेशील?"

"खुडायचं आता मला शिकवतीस व्हय गं?"

इथं माझी जीभ घसरली. आमच्या भागात खुडणी म्हटलं की तंबाखूचीच. तंबाखूत फूल म्हणजे नुकसान. शेंडा फुलावर आला की खुडायचा, मग बगलफूटही काढायची, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. पाचवीत असल्यापासून मीही हे केलंय. बोटं चिकट, काळी व्हायची, आणि दुपारची भाकरी कडू लागायची. इतकं सगळं माहीत असून मी फोनवर 'मोड' म्हणायचं सोडून 'खुडणी' म्हणाले. त्याचा राग माझा माझ्यावर आहेच. पण तो पावपट. बाकी सगळा अण्णावर. पन्नाशी ओलांडलेला माणूस जन्मभर टोमॅटोची आमटी ओरपतो, आणि टोमॅटो कशातून येतो हे त्याला ठाऊक नसावं?

पुढच्या शनिवारी मी थेट रानात गेले. ओळीच्या ओळी एका उंचीवर छाटलेल्या. खाली वाळके शेंडे, त्यांना चिकटलेली फुलं. बगलफूटही साफ. अण्णानं स्वतःच्या हातानं केलेलं काम, त्यात खोट नव्हती.

"बघ, एक फूल ठेवलं न्हाई," अण्णा बांधावरून म्हणाला. अभिमानानं.

"अण्णा, फुलाचाच टोमॅटो हुतोय."

तो हसायला लागला. "मग तसं सांगायचं हुतंस की. आता पानं बघ कशी रुंद हुत्यात." त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी दोन महिन्यांची धावपळ त्याला गंमत वाटत होती.

तरी मी वाकून बघितलं. कापलेल्या जागेखाली बेचक्यात तांदळाएवढी नवी फूट डोकावत होती. आता हीच राखायची, हीच पुढं खोड होणार. उशीर होईल, पण झाड जगेल. हे मी अण्णाला दाखवतेय, तोवर त्याचा अंगठा आपोआप पुढं आला आणि नखानं ती फूट त्यानं टिचकन तोडली. बोलता बोलता. सवयीनं.

मी त्याचा हात झटकला. "हात लावू नगंस माझ्या झाडाला." आवाज विहिरीपलीकडच्या बायकांनी ऐकला.

अण्णा चिडला की कानडीवर जातो. "साकु बिडु," म्हणाला, "पुरे कर. झाली तेवढी हौस बास. पुढच्या पावसाळ्यात इथं तंबाखूच. तुला रान दिलं, तितंच माझं चुकलं."

दिलं म्हणे. टोमॅटोचा राग तिथंच संपला आणि दुसरा, जुना, वर आला. मी एवढी वर्षं माझंच त्याच्याकडे मागत राहिले, म्हणून हा देणारा झाला. यात चूक त्याची किती आणि माझी किती, हे मला त्या घडीला मोजायचं नव्हतं.

"मोजणीवाल्याला बोलवूया, अण्णा," मी हळूच म्हणाले. "माझा वाटा येगळा करून दे."

तो बांधाकडे वळला होता, तिथंच थांबला.

"किती?"

"तुझा जेवढा, तेवढा."