घरीच असणाऱ्या बाईचा ताप

वॉर्डात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की कारण, लक्षणं, निदान, उपचार हा क्रम पुस्तकाचा आहे. पेशंट कुठूनही सुरुवात करतो, बहुतेकदा पोरीच्या लग्नापासून. मुलं हसतात आणि वहीत पुन्हा त्याच क्रमाने लिहून घेतात.

गेल्या उन्हाळ्यात सांगोल्याकडून आलेल्या एका मावशींनी मात्र आम्हा सगळ्यांना दमवलं. दोन महिन्यांचा ताप. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, मग काही दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. कंबर अशी धरलेली, की कॉटवरून उतरताना त्या शेळीपासून सरकारपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, छातीचा एक्सरे स्वच्छ, वजन मात्र उतरलेलं. अशा वेळी आपल्याकडे संशय क्षयावरच जातो. सोमवारी ती औषधं सुरू करायची असं ठरत आलं होतं. मला ते पटत नव्हतं. त्या औषधांनी दुसरेही काही ताप अर्धवट दबतात. पेशंटला थोडं बरं वाटतं आणि खरा आजार तसाच राहतो. त्यात मावशींनी जाहीर केलं, की रविवारी त्या घरी जाणार म्हणजे जाणार. तो दिवस शुक्रवार होता.

केस माझ्या एका विद्यार्थिनीकडे होती. मुलगी केरळची, हुशार, मराठी वॉर्डातच शिकलेली.

"मावशी, रात्री घाम येते का?"

"येतो की. ह्या उन्हात समद्यांनाच येतोय. तुला न्हाय येत व्हय?"

"मला पण येते."

"मग तू बी हो की ॲडमिट. शेजारची कॉट रिकामीच हाय."

तिने लिहिलेला केसपेपर मी पाहिला. सगळं व्यवस्थित होतं. व्यवसाय या रकान्यात 'गृहिणी'.

"हे कुणी सांगितलं?"

"त्यांनीच, मॅडम. काम काय विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, घरीच."

आमच्याकडच्या बायका हेच सांगतात. दिवसभर कांदा काढून आलेली बाईसुद्धा 'घरीच असते' म्हणते. नवऱ्याला विचारावं तर तोही तेच सांगतो, आणि जास्त खात्रीने. मी म्हटलं, "तो शब्द खोड. आजारी पडायच्या आधीचा एक दिवस त्यांना सांगायला लाव, उठल्यापासून झोपेपर्यंत. मध्ये बोलू नकोस."

ती स्टूल ओढून बसली. मी बाकीच्या मुलांना घेऊन शेजारच्या पेशंटकडे वळले. मावशी जेमतेम सकाळच्या चहापर्यंत आल्या आणि त्यांचा फोन वाजला. त्या फोन नेहमी स्पीकरवर घेत, त्यामुळे त्यांच्या घरच्या बातम्या अख्ख्या वॉर्डाला ठाऊक असत.

"अगं, काळी शेळी अडलीया. काय करू?" नवऱ्याचा आवाज.

"पाय दिसत्यात का?"

"एकच दिसतोय."

"मग हात घाल की आत आन् दुसरा हुडक!"

"मी?"

"न्हायतर कोण, तुझा सरपंच? मी दर खेपेला घालते, तवा काय जादू करते व्हय?"

विद्यार्थिनीचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच 'पुढे विचार' अशी खूण केली.

"मावशी, तुम्ही हात आत घालते? मोजे न घालता?"

"शेळीला कसलं मोजं गं?"

"आणि पिल्लू कधी आधीच मेलं, असं झालं?"

"संक्रांतीच्या सुमाराला दोन शेळ्या गाभडल्या की. मीच मोकळ्या केल्या."

"दूध?"

"चहाचं तापवतो. धार काढताना वाटीभर तसंच पिते. ताकद येती."

मुलगी उभीच राहिली. "मॅडम, ब्रुसेला!"

शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला होणारा हा आजार. गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या शेळीच्या वारेत आणि न उकळलेल्या दुधात जंतू असतात. हाताला बारीक चीर असली तरी आत शिरतात. मग असाच येणारा-जाणारा ताप, घाम आणि कंबरदुखी. पण निदानाचा आनंद करायला वेळ नव्हता, कारण फोन चालूच होता आणि पलीकडे मावशींचा नवरा एव्हाना बाह्या सारत असणार.

"काका, थांबा! हात नको!" मुलगी फोनवर ओरडली. "प्लास्टिक पिशवी! हाताला बांधा!"

"ही कोण?"

"माझी डाक्टरीण हाय. ती म्हणती तसं कर."

काकांनी पिशवी शोधली. एक फाटकी निघाली, दुसरी सापडली. इकडून मावशी सांगत होत्या, "वढू नगंस, आदी मागं सार. गुडघा हाताला लागला का?" वॉर्डातल्या सगळ्या बायका कॉटवर उठून बसलेल्या. माझा राउंड तिथेच संपला. अखेर फोनमधून एक बारीक बें ऐकू आलं आणि कोपऱ्यातल्या आजींनी टाळ्या वाजवल्या.

"जमतंय की तुला!" मावशी म्हणाल्या. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मग ऱ्हायलेल्या दोन गाभण शेळ्या बी तूच बघ. मी काय रविवारी येत न्हाय."

रक्त त्याच दुपारी तपासणीला गेलं. सोमवारी रिपोर्ट आला, ब्रुसेलाच निघाला. क्षयाची औषधं बाजूला राहिली. सुरुवातीचे दिवस इंजेक्शनं आणि सहा आठवडे गोळ्या. काकांनाही बोलावून तपासलं. ते सुटले होते. आठवड्याभरात मावशींचा ताप उतरला आणि शिव्यांचा आवाज सुधारला.

घरी जायच्या दिवशी विद्यार्थिनी त्यांना समजावत होती: गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, दूध उकळायचं, शेळी विताना हातमोजे घालायचे. उकळलेल्या दुधाला चव नसते, यावर बराच वाद झाला. शेवटी मावशींनी सगळं कबूल केलं, पण एका अटीवर: पुन्हा शेळी अडली, तर फोन हिला करणार. मी वॉर्डाचा नंबर द्यायला सांगणार होते, तोवर तिने स्वतःचा देऊन टाकला होता.