राघोचं मत खोडायला कोण?

गजेंद्रने धुडकूमामांचं मत घालवलं, तेही त्यांचं भलं करायला जाऊन. साठी उलटलेल्या माणसाने मत द्यायला सुरतहून पार अमळनेरकडच्या गावी का जावं, म्हणून त्याने मोबाइलवर फॉर्म भरला आणि मामांचं नाव गावच्या यादीतून उचलून सुरतेतल्या कोसाडच्या यादीत आणून ठेवलं.

पुढं सुरतची निवडणूकच झाली नाही. एकाचा अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी आपापले मागे घेतले आणि मतदानाआधीच खासदार निवडून आले. बिचाऱ्या नोटालाही कुणी उभं राहू दिलं नाही.

"मन्हं मत कोठे शे?" मामांनी विचारलं.

"मामा, सीट बिनविरोध गेली."

"गाढवा, राघोचं मत आता कोण खोडणार?"

मामांनी पस्तीस वर्षं सुरतच्या उधन्यात कापडाचे लूम चालवले. शेठ, मुकादम, घरमालक, कुणाला उलटून बोलले नाहीत. विरोध आयुष्यात एकालाच, गावी राहणाऱ्या थोरल्या भावाला. राघो ज्याला मत देई, मामा त्याच्या विरुद्ध देत. दर निवडणुकीला मामा गावी जात, दोघं बरोबर केंद्रावर जाऊन एकमेकांचं मत खोडून येत आणि समाधानाने जेवत. देशाला दोघांचा उपद्रव शून्य. यंदा मात्र राघोचं मत चक्क मोजलं जाणार होतं! मामांना चहा गोड लागेना.

गावाकडचे मतदार न्यायला उधन्यातून बस सुटते. कुणाची, ते विचारायचं नसतं. बसवाल्याने यादीवर बोट फिरवलं. "काका, तुमचं नाव नाही."

"ते मत द्यायला नाही, अडवायला चाललेत," गजेंद्र म्हणाला. बसवाला इतका हसला, की त्याने दोघांना केबिनमध्ये बसवलं.

राघो धुतलेला सदरा घालून तयारच होता. मामा म्हणाले, "भाऊ, यंदा तू पण जाऊ नको. बरोबरी राहील."

"वा रे! तुझ्यापायी माझं एक मत कधी लागलं नाही. आज लागू दे!"

तो एकटाच गेला. मामा केंद्राबाहेर पोलिसाशेजारी तोंड पाडून उभे. गजेंद्र त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता.

राघो बाहेर आला तो शाईचं बोट धरून, पण चेहरा उतरलेला.

"कुणाला दिलं?" मामा.

"तुझ्यावाल्याला."

"काय?"

"बटणाजवळ गेलो, तर मागे तू नाही. हातच वळेना. म्हटलं, धुडक्याचंच टाकून देऊ." मग एकदम आवाज चढवून, "पण फुकट नाही हां! पुढल्या खेपेला तू माझ्यावाल्याला द्यायचं. एक मत देणं लागतोस तू मला."

मामांनी भावाच्या खांद्यावर हात टाकला.

"देईन की. आधी तुझा माणूस तरी बरा उभा कर."