परब बाईंचा उंबरा

परब बाईंनी मला कधीही ‘लक्ष दे’ म्हटलं नाही. हे दोन शब्द ज्याने घरी, शाळेत, ऑफिसात आणि स्वतःच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकून घेतलेत, त्यालाच यातलं अप्रूप कळेल. दादरच्या तरणतलावात पोहता पोहता मी मध्येच थांबून छताकडे बघत राहिलो, की काठावरून आवाज यायचा, ‘‘नितीन, आता खंय आसस?’’ यावर खरं उत्तर द्यायचं, एवढीच त्यांची अट. ‘‘ऑफिसात,’’ मी म्हणायचो. ‘‘बरं. तिथलं आटप आणि ये पाण्यात.’’ रागावणं नाही, टोमणा नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला जेवायला हाक मारावी तशी ती हाक असे.

एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं. ‘‘शाळेत जन्मभर ओरडले रे, लक्ष द्या, लक्ष द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यानं एकाचंही लक्ष आलं नाही. डोळ्यांत पाणी तेवढं आलं.’’

बाई भोईवाड्याच्या चाळीत राहायच्या. माहेर मालवणकडचं, वडील गिरणीत, आणि त्या स्वतः एका मराठी शाळेत पीटी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्या ट्रायथलॉनला उतरू लागल्या. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, आणि हे सगळं एका दमात. या वयात हे काय, असं चाळीतल्या बायकांनी विचारून पाहिलं आणि नाद सोडला. ट्रॅकपँट, वर दिवंगत नवऱ्याचा शर्ट आणि अंबाड्यात अबोलीची वेणी, असा बाईंचा अवतार. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही.

मी त्यांच्याकडे पोचलो तो माझ्या मुलीमुळे. इराचं वर्गात मन लागत नाही म्हणून शाळेने तिला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर तिच्याविषयी एकेक प्रश्न विचारत गेल्या आणि माझी बायको सीमा प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघत गेली. वस्तू हरवते का? अर्ध्यावर सोडते का? समोरचा बोलत असताना दुसरीकडेच असते का? थोडक्यात, अटेन्शन डेफिसिट, म्हणजे लक्ष न टिकण्याचा दोष, आमच्या घरात एकदम दोघांना लागू झाला. इराला वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला. घरात आपल्या पक्षाला माणूस मिळाला, असं तिला वाटलं असावं.

मग एका संध्याकाळी तिने काढायला घेतलेलं चित्र निम्म्यात ठेवून दिलं. मी विचारलं तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘आपलं असंच असतं ना, बाबा? आपलं काही पूर्ण होत नाही.’’ बोलताना तिने माझा हात धरला होता. मला तो हात सोडवेना आणि ते वाक्य सोसवेना. माझा स्वतःचा पूर्वेतिहास म्हणजे अर्धा तबला, अर्धी वकिली आणि स्वयंपाकघराची अर्धी रंगवलेली भिंत. तिला खोडून काढायला माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. मी हे डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी परब बाईंचं नाव सुचवलं. आमच्यासारख्या काही मोठ्या माणसांना बाई तेव्हा शिकवायला लागल्या होत्या.

पहिल्याच दिवशी मी बाईंना म्हटलं, ‘‘मला एक गोष्ट धड करता येत नाही, तुम्ही तीन काय करायला सांगता?’’

‘‘म्हणूनच तीन,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुझं मन उड्या मारतं ना? मग त्याला उड्याच मारायला देऊ. कंटाळा यायच्या आत पाण्यातून सायकलवर, सायकलवरून रस्त्यावर. तू उंबरा तेवढा सांभाळ.’’

पोहणं संपवून सायकल घेण्याची आणि पुढे सायकल ठेवून धावायला निघण्याची जी जागा असते, तिला बाई उंबरा म्हणायच्या. इतर लोक तिथे वेळ वाचवायला शिकतात. आमचा प्रश्न वेगळा होता. आम्ही तिथे हरवायचो. आमच्यातली मनाली ही परळच्या एका दवाखान्यात नर्स. कामावर तिच्या हातून कधी चूक होत नसे, पण इथे ती सायकलजवळ आली की एक बूट घालून दुसऱ्या बुटाऐवजी मोबाईल शोधायला लागायची. ‘‘पाण्यात तुमच्यातलं कोण बुडत नाही,’’ बाई म्हणायच्या. ‘‘तुम्ही बुडता ते उंबऱ्यावर.’’

म्हणून त्या आम्हाला सकाळी शिवाजी पार्कच्या एका कोपऱ्यात नेत. एक जुनी चादर अंथरायची, तिच्यावर हेल्मेट, बूट, टॉवेल ठेवायचे आणि माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायचं. म्हणजे मी समुद्रातून बाहेर आलो. मग पळत चादरीशी जायचं आणि मोठ्याने बोलत एकेक वस्तू घालायची. ‘‘टॉवेल. हेल्मेट. पट्टा. बूट.’’ फिरायला आलेले आजोबा थांबून बघायचे. एकाने तर, यांचा काही नवस आहे का, असंही विचारलं. ‘‘हो,’’ बाई म्हणाल्या आणि दुसरी बादली ओतली.

सायकलच्या फेऱ्या मोजणं हे आमचं दुसरं दुखणं. बोटं दुमडून, रबरबँड या मनगटावरून त्या मनगटावर घालून, सगळं करून झालं. बोट दुमडलं ते या फेरीचं की मागच्या, हेही आठवत नसे. शेवटी बाईंनी नियम घालून दिला. ‘‘शंका आली तर एक जास्त मारायची. कमी पडली तर खोटं, जास्त झाली तर व्यायाम.’’

बाई आता नाहीत. गेल्या दिवाळीनंतर त्या झोपेतच गेल्या. भोईवाड्यातल्या त्यांच्या खोलीबाहेर आम्ही सगळे उभे होतो आणि मनाली सारखी म्हणत होती, ‘‘आता मला कोण परत आणणार?’’ मला त्यांची आठवण येते, फार येते. आणि आली की आमच्या स्पर्धेचा तो एकच दिवस डोळ्यांसमोर येतो.

शहराबाहेर एका तळ्याकाठी ती छोटीशी स्पर्धा होती. सीमाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून इरा बाईंबरोबर आली. पोहणं झालं. पहिला उंबरा मी मोठमोठ्याने बोलत ओलांडला. सायकलच्या चार फेऱ्या होत्या. वाटेत एका शेतातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कुणीतरी मोटारसायकलचं हेल्मेट चढवलं होतं. का चढवलं असेल, वाऱ्याने पडत कसं नाही, यात मी गुंतलो, आणि भानावर आलो तेव्हा तीन झाल्या की चार, याचा पत्ता नव्हता. बाईंचा नियम पाळून मी आणखी एक मारली.

सायकल ठेवायला आलो तर आयोजकांचा माणूस वाट अडवून उभा. ‘‘सर, वेळ संपली. आता धावायला सोडता येणार नाही.’’

मी मटकन खाली बसलो. बाई दोरीपलीकडून त्याला म्हणाल्या, ‘‘स्पर्धा बंद केलीत, बरोबर केलंत. रस्ता बंद केलात काय?’’

‘‘रस्ता कसा बंद करणार, मॅडम?’’

‘‘मग हा धावतो. तुमच्यात धरू नका त्याला.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘ऊठ, बूट घाल.’’

मी धावलो. धावलो कसला, पाय ओढत राहिलो. परत आलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवून माणसं तिची घडी घालत होती, आणि सायकलची प्रत्येक फेरी जिथून जायची त्या वळणावर उलट्या टाकलेल्या क्रेटवर इरा बसली होती. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघताच पाण्याची बाटली पुढे केली.

‘‘माझ्या नियमापायी तुझं मेडल गेलं रे,’’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

‘‘बाई, चार झाल्या होत्या की नाही, ते मला अजूनही माहीत नाही.’’

‘‘पाच झाल्या,’’ इरा म्हणाली. ‘‘पहिल्या वेळी तू पाणी पीत होतास. दुसऱ्या वेळी मला हात केलास. तिसऱ्या वेळी बघितलंच नाहीस. चौथ्या वेळी मी ओरडले, बाबा झाल्या, पण तू पुढे गेलास.’’

ही माझी मुलगी गृहपाठाच्या दोन ओळींमध्ये चार वेळा उठते.

‘‘हलली नाय रे इथून,’’ बाई म्हणाल्या. ‘‘खाऊ दिला, तो पण नको म्हणाली. मी एकदा पण काय सांगूक नाय तिका.’’ आणि त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

इराने माझ्या पिशवीतून फोन काढून आईला लावला. पलीकडून सीमाने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही.

‘‘हो, बाबांचं पूर्ण झालं,’’ इरा म्हणाली. ‘‘नाही, मेडल नाही. पण मी मोजलंय.’’